काल तुळजापूरला गेलो होतो

जळकोटच्या शाळेला आठवीचा वर्ग जोडला गेला, तेव्हा इंग्रजी कोण शिकवणार यावर फारशी चर्चा झालीच नाही. हेडमास्तरांनी चष्म्यावरून एकदा सगळ्यांकडं पाहिलं आणि म्हणाले, "गुरुलिंग, तुम्हीच." बाकीच्या मास्तरांना सुटल्यासारखं झालं. गुरुलिंग मास्तरांचे पाय मात्र त्या दिवशी घरी जाताना जमिनीला लागत नव्हते.

घरात कन्नड, बापाच्या किराणा दुकानात गिऱ्हाइकाशी मराठी, आणि शाळेत सगळं उर्दूतून, अगदी भूगोलसुद्धा, असं त्यांचं शिक्षण झालेलं. निजामाच्या राज्यात वाढलेल्या त्या पिढीच्या डोक्यात तीन भाषा एकमेकींना खेटून बसलेल्या असत. इंग्रजी चौथी. ती त्यांना नळदुर्गच्या शाळेत एका म्हाताऱ्या उस्तादांनी शिकवली. उस्तादांच्या हातात छडी असे आणि तोंडात एकच मंत्र: "जहाँ 'है', वहाँ हॅव. जहाँ 'था', वहाँ हॅड. बस!" त्या मंत्रावर गुरुलिंग मॅट्रिक पास झाले, नोकरीला लागले.

पुढं पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं आणि शाळा मराठी झाल्या. तिशी ओलांडलेल्या मास्तरांनी मराठीचं व्याकरण पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. कुठला शब्द 'तो' आणि कुठला 'ती' यात त्यांचा घोळ व्हायचा. बायकोला विचारावं, तर पार्वतम्मा माहेरची अक्कलकोटकडची, तिची मराठी त्यांच्याहून कच्ची. तरी त्यांनी नेट धरला. आठवी हाती आली तेव्हा उस्तादांचा मंत्र त्यांनी मराठीत बसवून घेतला. "'आहे' दिसला की हॅव, 'होता' दिसला की हॅड." वर्ग हे सुरात म्हणायचा. एवढ्या मोठ्यानं की शाळेवरून जाणारे गाडीवान बैलांना हाकता हाकता तेच गुणगुणायचे. पोरांनी त्यांचं नाव 'हॅडमास्तर' ठेवलं होतं. ते कानावर आलं तेव्हा मास्तर रागावले नाहीत. मनात सुखावलेच.

त्या आठवीत तीन मुली होत्या. त्यातली सायरा ही चाँदपाशा शिंप्याची. चाँदपाशाचं दुकान मोटारस्टँडसमोर होतं, आणि मास्तरांचे सदरे गेली कित्येक वर्षं तोच शिवायचा. सायराचा थोरला भाऊ जैनोद्दीन सोलापूरला मामाकडं राहून हायस्कुलात शिकत होता. सुट्टीत आला की बहिणीला घेऊन बसायचा. पोरगी हुशार. फार बोलायची नाही, पण विचारलं की उत्तर तयार.

एके दिवशी मास्तरांनी मराठी वाक्यं इंग्रजीत करायला दिली. पहिलंच वाक्य होतं, "मी काल तुळजापूरला गेलो होतो." सगळ्या वर्गानं लिहिलं, 'आय हॅड गॉन टू तुळजापूर यस्टर्डे.' सायरानं लिहिलं, 'आय वेंट टू तुळजापूर यस्टर्डे.'

"हे काय?" मास्तर म्हणाले. "'होतो' कुठं गेला?"

सायरा उभी राहिली. "गुरुजी, काल म्हटलं की नुसतं वेंट येतं. दादानं सांगितलंय."

मास्तरांना ते 'दादानं सांगितलंय' झोंबलं. वर्गातली सगळी तोंडं त्यांच्याकडं वळली होती. क्षणभर, अगदी क्षणभर, पोरगी म्हणते त्यात काही असेल का, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी ते झटकून टाकलं.

"सोलापुरात नवीन इंग्रजी निघालं वाटतं!" ते म्हणाले. "तुझ्या दादाला म्हणावं, एवढं येत असेल तर गिरणीत जाऊन शिकव, तिथल्या साहेबाला उपयोग होईल."

वर्ग खो खो हसला. सायरानं मान खाली घातली नाही, आणि तेच मास्तरांना जास्त लागलं. त्यांनी तिला फळ्याकडं बोलावलं, हातात खडू दिला आणि म्हणाले, "लिही. हॅड गॉन. मोठ्या अक्षरात लिही." तिनं लिहिलं. लिहिताना खडू मोडला. उरलेल्या तुकड्यानं तिनं वाक्य पुरं केलं आणि जागेवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाँदपाशा शाळेत आला. डोक्यावरची टोपी काढून हातात धरलेली.

"मास्तर, माफी करा. पोरगी घरी यून म्हनाली, मास्तरांचं चुकलं. म्या दोन थोबाडीत ठिवून दिल्या. मास्तराच्या पुढं तोंड करायचं म्हंजे काय?"

"जाऊ द्या, चाँदपाशा," मास्तर म्हणाले. "लेकरूच आहे."

आपण मोठ्या मनानं माफ केलं, असं त्यांना त्या वेळी खरोखर वाटलं.

सायरा त्या दिवशी आली नाही. त्या आठवड्यातही नाही. मुलींच्या पट्टीवर आता दोघीच बसत आणि मधली जागा मोकळी राही. मास्तरांचं लक्ष तिकडं जायचं. दुकानावर जाऊन विचारावं, असं दोन-तीनदा मनात आलं. मग ते स्वतःला सांगत, मुलीची जात, आज ना उद्या शाळा सुटणारच होती. असं म्हटलं की बरं वाटे. पुढं तिचा निकाह नळदुर्गला झाला. मास्तर मांडवात गेले, विडा घेतला, चाँदपाशाच्या खांद्यावर हात ठेवून परत आले.

सन साठच्या मे महिन्यात, महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हा, उस्मानाबादला इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तरांचं शिबिर भरलं. गुरुलिंग मास्तर हौसेनं गेले. औरंगाबादहून शिकवायला आलेले प्राध्यापक वयानं लहान, पण बोलायला गोड. काळ शिकवायचे म्हणून त्यांनी फळ्यावर मराठी वाक्य लिहिलं, "तो परवा बार्शीला गेला होता," आणि विचारलं, "कोण करतं?"

मास्तर पुढच्याच बाकावर होते. उठले, खडू घेतला आणि झोकात लिहिलं, 'ही हॅड गॉन टू बार्शी द डे बिफोर यस्टर्डे.' मागं वळून त्यांनी सगळ्यांकडं पाहिलं.

"छान," प्राध्यापक म्हणाले. "नव्वद टक्के लोक हेच लिहितात. आणि हे चूक आहे."

कुणी हसलं नाही. प्राध्यापकांनी ते वाक्य पुसलंही नाही, शेजारीच दुसरं लिहिलं, 'ही वेंट टू बार्शी द डे बिफोर यस्टर्डे.' मग सावकाश समजावून सांगितलं. "मराठीतला 'होता' आपल्याला फसवतो. आपण सहज बोलताना गेला होता, आला होता म्हणतो. पण इंग्रजीत हॅड एकटं येत नाही. त्याला जोडीला दुसरी गोष्ट लागते, जिच्या आधी ही घडून गेली. 'पाहुणे आले तेव्हा आम्ही जेवलो होतो.' पाहुणे आले, हे एक. त्याच्या आधी जेवण झालं, हे दुसरं. तिथं हॅड. आणि हॅवचंही तसंच. 'मी त्याला पाहिलं आहे' इथं हॅव चालेल. पण 'काल' म्हटलंत, दिवस सांगितलात, की हॅव गेलं. गोष्ट संपली. काल म्हटलं की नुसतं वेंट, सॉ, केम."

काल म्हटलं की नुसतं वेंट.

मास्तरांना हे शब्द प्राध्यापकांच्या तोंडून ऐकू आलेच नाहीत. ते मुलींच्या पट्टीवर उभ्या राहिलेल्या एका पोरीच्या आवाजात आले. ते फळ्याजवळच उभे होते. पुढच्या बाकावरच्या एका मास्तरानं "बसा हो" म्हटलं तेव्हा ते भानावर आले. शिबिराचे उरलेले दिवस ते मागच्या बाकावर बसले. इतर मास्तर जेवताना आपापल्या शाळांच्या गमती सांगत, आणि हे ताटातली भाकरी कुस्करत राहत.

परतताना त्यांनी ठरवलं होतं, जूनमध्ये पहिल्याच तासाला पोरांना सांगून टाकायचं. शाळा उघडली. नवी आठवी, नवी पोरं. मास्तर वर्गात पाय ठेवतात तोच पुढच्या पट्टीवरचा बब्रुवान ताडकन उठला. त्याचा थोरला भाऊ मास्तरांकडं शिकून गेलेला. "गुरुजी, मला पाठ हाय," म्हणून त्यानं खणखणीत म्हटलं, "'आहे' दिसला की हॅव, 'होता' दिसला की हॅड!" आणि शाबासकीसाठी तोंडाकडं बघत राहिला.

मास्तरांनी तोंड उघडलं. शब्द तयार होते. बाहेर पडला तो भलताच.

"बरोबर," ते म्हणाले. "बस."

तिथून त्यांची झोप गेली. चुकीचं शिकवलं ते न कळून, आता कळून शिकवलं. त्यानंतर ते काळांच्या वाटेलाच गेले नाहीत. कविता पाठ करून घ्यायचे, शब्दार्थ घालायचे, अक्षर सुधारून घ्यायचे. एखाद्या पोरानं 'हॅड' विचारलंच तर "पुढं येईल" म्हणायचे. स्टँडसमोरून जायचं टाळून मागच्या बोळातून शाळेला जाऊ लागले. जेवताना घास तोंडात घोळत राहायचा.

"एनायतु?" पार्वतम्मानं कन्नडात विचारलं. काय झालं म्हणून. "तब्येत बरी न्हाय काय?"

मास्तरांनी तिला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडता निवडता ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "त्या पोरीला सांगितलं का?"

"तिला कसं सांगणार? ती नळदुर्गला असते."

"आलीया की. बाळंतपणाला. पोरगा झालाय, महिना होत आला. बाया बघून आल्या." तिनं सूप बाजूला ठेवलं. "तुम्ही बोळातनं जाताय, तुम्हाला कसं कळंल?"

श्रावणातल्या एका रविवारी मास्तर चाँदपाशाच्या घरी गेले. चाँदपाशा अंगणात खाटेवर बसून पानाला चुना लावत होता. मास्तरांना पाहून तो धडपडत उठला, खाट झटकली. "आवो मास्तर! कधी वाट चुकला? बसा, बसा. नातू बघायला आला व्हय?" आत तोंड करून त्यानं हाक दिली, "चाय बनाव गे, मास्तर आये!"

मास्तर बसले नाहीत. बसलो तर बोलणं होणार नाही, हे त्यांना माहीत होतं.

"चाँदपाशा, सायरानं शाळा सोडली ना, त्या वेळचं बोलायचं आहे. त्या दिवशी ती चुकली नव्हती. मी चुकलो होतो."

चाँदपाशा हसला. "मास्तर कशाला चुकतील?"

"चुकलो होतो. वाक्य तिचं बरोबर होतं. माझं चूक होतं."

"आता सोडा की, मास्तर. लेकराचं काय मनावर घेताय? तिला अक्कल न्हवती तवा."

"अक्कल मला नव्हती," मास्तरांचा आवाज चिरकला. "ऐका माझं. तिला येत होतं, मला येत नव्हतं. मी सगळ्या वर्गाला तिच्यावर हसवलं, आणि तिच्याच हातानं चुकीचं लिहायला लावलं."

चाँदपाशा अजून हसरं तोंड करून उभा होता. मास्तर असं का बोलतात ते त्याला उमजत नव्हतं. शिकलेल्या माणसाची काहीतरी रीत असेल, असा त्याचा चेहरा. पण दारात सायराची आई जमिलाबी येऊन उभी राहिली होती. तिला उमजलं. तिनं नवऱ्याकडं पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मतलब, छोरी कू फुकट मारे तुम."

चाँदपाशाचं हसू तोंडावरच थिजलं. हातातलं पान तसंच राहिलं, चुना लावलेलं बोट तसंच. तो खाटेच्या कडेला टेकला.

मास्तरांना त्या क्षणी कळलं की आपण इथं आलो ते मनावरचं ओझं उतरवायला, आणि उतरवलं ते ह्या माणसाच्या डोक्यावर. तीन वर्षं हा माणूस निवांत होता. मास्तराचा मान राखला म्हणून खुशीत होता. आता त्याला कुठं जायला जागा नव्हती.

सायरा आतून आली, पदर सावरत. खांद्यावर बाळ. अंगानं भरली होती, पण नजर तीच, सरळ.

"सायरा," मास्तर म्हणाले, "तुझं वेंट बरोबर होतं."

"मला ठावं होतं, गुरुजी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तसाच लोभही नव्हता. "लिहितानाच ठावं होतं."

"तुला पुढं शिकायचं असेल तर मी..." एवढं म्हणून मास्तर थांबले. बाळ कुरकुरलं. तिनं त्याला थोपटलं.

"आता काय शिकती मी?" ती म्हणाली. मग जरा थांबून तिनं विचारलं, "वर्गात सांगितलं का तुम्ही?"

"अजून नाही."

ती बाळाला घेऊन आत गेली. चहा आला. मास्तरांनी उभ्यानंच प्यायला, जीभ पोळली.

सोमवारी त्यांनी आठवीच्या फळ्यावर दोन्ही वाक्यं लिहिली. वर्गाला सांगितलं की आजवर मी जो नियम शिकवला तो चुकीचा आहे, तो विसरा. हे मला मे महिन्यात कळलं आणि तरी जूनमध्ये मी बब्रुवानला बरोबर म्हटलं. तीन वर्षांपूर्वी ह्याच वर्गात एका मुलीनं बरोबर लिहिलं होतं, तिला मी हसलो. तिचं नाव सायरा. चाँदपाशा शिंप्याची मुलगी. नाव घेताना त्यांची मान खाली गेली, आणि बोलणं संपेपर्यंत वर आली नाही. मागून कुणीतरी फिसकन हसलं, कुणीतरी त्याला कोपर मारलं. बब्रुवान रडकुंडीला आला होता. "मग गुरुजी, दादानं परीक्षेत लिहिलं त्ये?" त्यानं विचारलं. त्याचा दादा तुळजापूरला मॅट्रिकला इंग्रजीतच नापास झाला होता, हे गावाला माहीत होतं.

सांगून झालं, पण हलकं वाटलं नाही. ज्यांना शिकवून पाठवलं ते गावोगाव पांगलेले. कुणी तलाठी, कुणी पोस्टात, कुणी मोंढ्याच्या बाजारात. रस्त्यात भेटले की पाया पडत. प्रत्येक वेळी मास्तर म्हणत, "अरे, तुला मी एक चूक शिकवलीय," आणि तो माणूस "काय गुरुजी तुम्ही!" म्हणून हसून पुढं जाई.

चाँदपाशा मात्र बदलला. सदरा शिवून द्यायचा, पण पूर्वीसारखं बसवून घ्यायचा नाही. सायरा सासरी गेली. दिवाळी होऊन गेल्यावर एक दिवस मास्तर माप द्यायला गेले, तेव्हा त्यानं मशीन थांबवलं.

"मास्तर, तुम्ही वर्गात सांगून मोकळं झालात," तो म्हणाला. "म्या कुनाला सांगू?"

"तिलाच सांगा."

"तुम्ही यून गेल्यावर चाळीस दीस घरात होती. रोज म्हनायचो, आज सांगतो. जीभ उचलली न्हाय." त्यानं कपड्यावरून हात फिरवला. "तुम्ही येता का संगट?"

आपण नको, असं मास्तरांना वाटलं. पण नाही म्हणायला तोंड नव्हतं. पुढच्या रविवारी दोघं सकाळच्या गाडीनं नळदुर्गला गेले. चाँदपाशानं नातवासाठी पिवळं झबलं शिवून घेतलं होतं. सायराच्या सासऱ्यानं आदरानं बसवलं, मास्तरांना उंच जागा दिली. हवापाण्याच्या, ज्वारीच्या गोष्टी झाल्या. चाँदपाशा नातवाला मांडीवर घेऊन बसला होता आणि सगळ्या वेळात एक शब्द बोलला नाही. सासरची माणसं होती. तिथं बोलणार तरी काय?

निघताना सायरा दारापर्यंत आली. मास्तर पाच-सहा पावलं पुढं जाऊन पाठमोरे उभे राहिले. मागून चाँदपाशाचा आवाज आला. "सायरा, बेटा, वो दिन मैं..."

"अब्बा," ती म्हणाली, "ऊन चढतंय. निघा आता तुम्ही."

तिनं त्याला बोलू दिलं नाही. त्याच्यावर दया येऊन दिलं नाही, की ऐकायचंच नव्हतं म्हणून, हे मास्तरांना शेवटपर्यंत उमगलं नाही. त्यांनी वळून पाहिलं तेव्हा ती दारात नव्हती. चाँदपाशा तिथंच उभा होता, टोपी हातात घेऊन. मास्तर परत गेले, त्याच्या कोपराला धरलं, आणि दोघं स्टँडच्या रस्त्याला लागले.